पाच मिनिटांचे पैलवान

“येतोस?” एवढंच विचारलं जातं. कधी तेवढंही नाही, नुसती नजर पुरते. मग जाड हातमोजे बर्फावर पडतात, लाइन्समन दोन पावलं मागे सरकतात आणि सगळं स्टेडियम उभं राहतं.

उत्तर अमेरिकेतल्या एनएचएलमध्ये, म्हणजे आइस हॉकीच्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये, मारामारी हा गुन्हाच आहे, पण स्वस्तातला. शिक्षा काय, तर पाच मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये बसायचं. दोघंही बसले की त्यांच्या जागी दुसरे खेळाडू उतरतात, त्यामुळे कोणत्याच संघाचं बळ घटत नाही. या हिशेबातून एक नोकरीच उभी राहिली. ती करणाऱ्याला एन्फोर्सर म्हणतात. आपल्या नाजूक, गोल करणाऱ्या खेळाडूला कुणी आडवा केला, तर जाब विचारायला जायचं, हे त्याचं काम. 1963 मध्ये माँट्रियल कॅनेडियन्सने जॉन फर्ग्युसनला संघात घेतलं ते याचसाठी. पहिल्याच सामन्यात बाराव्या सेकंदाला तो बोस्टनच्या टेड ग्रीनशी भिडला. वर दोन गोलही केले.

मातीतला पैलवान पाय रोवून उभा राहतो. इथे पायाखाली बर्फ आणि बुटाखाली धारदार पातं. सगळा जोर लावून ठोसा मारणारा स्वतःच घसरतो. म्हणून ठोशाआधी पकड महत्त्वाची. डाव्या मुठीत समोरच्याच्या जर्सीचा उजवा खांदा किंवा बाही घट्ट धरायची, म्हणजे त्याचा उजवा हात सुटत नाही आणि आपला तोलही राहतो. बफेलोच्या रॉब रेने यावर भन्नाट तोड काढली होती. तो भांडता भांडता जर्सीतून सरळ बाहेरच पडायचा. प्रतिस्पर्ध्याच्या हातात धरायला काही उरतच नसे. शेवटी जर्सी मागून पट्ट्याने बांधलेली नसेल तर मारामारी करणाऱ्याला सामन्याबाहेर काढायचा नियम लीगला करावा लागला. काही नियम अलिखितही आहेत: पाठीमागून हल्ला नाही आणि खाली पडलेल्याला मारायचं नाही. एक जण कोसळला की लाइन्समन मध्ये पडतात.

यातला सर्वांत मोठा कोण, हा वाद कॅनडात कुठेही रंगतो. सोपं माप पेनल्टीच्या मिनिटांचं. फिलाडेल्फियाच्या डेव्ह शुल्ट्झने 1974-75 च्या एका हंगामात 472 मिनिटं शिक्षा भोगली; तो विक्रम अजून अबाधित आहे. ‘टायगर’ विल्यम्सची कारकिर्दीतली बेरीज चार हजारांच्या आसपास जाते, आणि तीही सर्वाधिक आहे. पण मिनिटांवरून माणूस किती वेळा पकडला गेला एवढंच कळतं. विल्यम्सवर तर हे माप अन्यायच करतं, कारण त्याने 241 गोलही केले होते.

ठोशांचंच बघायचं तर नाव निघतं डेट्रॉइटच्या बॉब प्रोबर्टचं. 1987-88 मध्ये त्याने 398 मिनिटं शिक्षा घेतली आणि त्याच हंगामात 29 गोलही केले. असा दुहेरी हिशेब फार थोड्यांना जमला. फेब्रुवारी 1992 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बुटक्या, दणकट टाय डोमीने त्याला जखमी केलं आणि कमरेभोवती हात फिरवून विजेत्याचा पट्टा बांधल्याची नक्कल केली. डिसेंबरमध्ये त्याच रिंकवर प्रोबर्टने परतफेड केली. या वेळी पट्ट्याची नक्कल डेट्रॉइटच्या बाकावरून कर्णधार स्टीव्ह आयझरमनने केली. एन्फोर्सरच्या जिवावर कर्णधार किती निर्धास्त असतो, ते त्या एका हावभावात दिसलं.

भीती हेच माप मानलं, तर डेरेक बूगार्ड. दोन मीटर उंच. मिनेसोटाकडून खेळताना 2006 मध्ये त्याच्या एका ठोशाने टॉड फेडोरुकचं गालाचं हाड मोडलं. चेहऱ्यात धातूच्या पट्ट्या घालाव्या लागल्या. पुढे हाच फेडोरुक त्याच्या संघात सहकारी म्हणून आला! बूगार्डने सगळ्या कारकिर्दीत मिळून 277 सामन्यांत अवघे तीन गोल केले. तरीही 2010 मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सने त्याच्याशी चार वर्षांचा करार केला तो 65 लाख डॉलर्सचा. त्याच डिसेंबरमध्ये ऑटावाला त्याची शेवटची मारामारी झाली. मे 2011 मध्ये दारू आणि वेदनाशामक गोळ्यांच्या मिश्रणाने तो गेला, वयाच्या 28 व्या वर्षी.

प्रोबर्ट त्याच्या आदल्याच वर्षी, 45 व्या वर्षी गेला होता. दोघांच्याही मेंदूत सीटीई आढळला. डोक्याला वारंवार बसणाऱ्या माराशी जोडला जाणारा हा विकार. कमिशनर गॅरी बेटमन यांनी मात्र आइस हॉकी आणि सीटीई यांचा थेट संबंध जाहीरपणे मान्य केलेला नाही. ‘कोण जिंकला’ ही यादी वाचताना हेही सोबत वाचायला हवं.

मग माप कोणतं? एन्फोर्सरचं काम मारणं नाही, मार टाळणं आहे. या कसोटीवर पहिलं नाव एडमंटनच्या डेव्ह सेमेंकोचं. प्रोबर्टची सामन्यामागे सरासरी साडेतीन मिनिटं शिक्षेत गेली, सेमेंकोची जेमतेम दोन. कारण त्याच्याशी भिडायला फारसं कुणी धजावत नसे, आणि त्या मोकळ्या जागेत अंगाने शिडशिडीत वेन ग्रेट्झ्की विक्रमांमागून विक्रम करत होता. 1983 च्या ऑल-स्टार सामन्यात ग्रेट्झ्कीला बक्षीस म्हणून मोटार मिळाली, ती त्याने सेमेंकोला देऊन टाकली. त्याच वर्षी सेमेंको एका प्रदर्शनीय लढतीत मुहम्मद अलीसमोर तीन फेऱ्या उभा राहिला, हा भाग वेगळा.

आता असे निव्वळ भांडखोर उरलेले नाहीत. खेळ वेगवान झाला. सामन्यात चार मिनिटं खेळणाऱ्यासाठी संघात जागा अडवून ठेवणं परवडत नाही. मारामाऱ्या कमी झाल्या, संपल्या नाहीत. फेब्रुवारी 2025 मध्ये माँट्रियलला कॅनडा-अमेरिका सामन्याच्या पहिल्या नऊ सेकंदांत तीन झुंजी झाल्या, आणि भिडलेल्या सहा जणांत पगारी एन्फोर्सर एकही नव्हता. ऑलिंपिकमध्ये मारामारी करणाऱ्याला सामन्याबाहेर काढतात. क्युबेकच्या ज्युनिअर लीगनेही 2023-24 च्या हंगामापासून तोच नियम लावला. एनएचएलमध्ये मात्र शिक्षा अजूनही पाच मिनिटांचीच आहे.