गृहोद्योगाचा माल आणि मोबाईलवरील शेजार

हरभरा, तीळ, आंबा वा कोकम शेतातून घरी आले, म्हणजे शेतकऱ्याचे अर्धेच काम झाले असे समजावे. मालाला गिऱ्हाईक मिळेपर्यंत श्रमाचे चीज होत नाही. त्याच मालाची घरी भाजणी, कुरडया, लाडू वा आगळ केली, तर त्यास अधिक किंमत येते. परंतु दुकानाचे भाडे किंवा वृत्तपत्रातील जाहिरात यांचा खर्च लहान गृहोद्योगास पेलत नाही. अशा उद्योगाला गावातील अथवा शहरी गृहनिर्माण संस्थेतील रहिवाशांचे व्हॉट्सअॅप ग्रुप हे हाताशी असलेले, जवळजवळ बिनखर्चाचे साधन आहे.

ओळखीचा बाजार

साधन नवे असले, तरी त्यामागील तत्त्व जुनेच आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला आणि त्यातून ‘लिज्जत’चा उद्योग उभा राहिला. भांडवल अल्प असता मालाची चोख प्रत हाच त्यांचा आधार होता. पुढे २०२० साली टाळेबंदीमुळे बाजाराची वाट बिकट झाली, तेव्हा कोकणातील अनेक आंबा बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या गृहनिर्माण संस्थांतून अशा ग्रुपांच्या द्वारे मागणी घेतली व हापूसच्या पेट्या थेट तेथे पोहोचविल्या.

मागणी आधी, माल मागून

या पद्धतीचा मोठा लाभ असा की, मागणी कळल्यावर माल तयार करता येतो. दिवाळीची भाजणी करावयाची असल्यास तीन आठवडे आधी संदेश द्यावा, नोंदणीची अखेरची तारीख ठरवावी आणि तितकेच धान्य भाजावे. माल पडून राहत नाही व शिळा होत नाही. नवख्या उद्योगाने निम्मी रक्कम आगाऊ घेणे हितावह ठरते.

किंमत शेजाऱ्याची भीड धरून ठरवू नये. समजा, एक किलो भाजणीस धान्य व मसाला ९० रुपये, भाजणे-दळणे २५, पिशवी व लेबल १०, मजुरी ४० आणि पोहोचविणे १५, असा एकूण १८० रुपये खर्च आला. याहून कमी भाव म्हणजे घरच्या श्रमाची फुकट विक्रीच होय. पुष्कळ गृहोद्योग घरातील स्त्रियांची मजुरी हिशेबात धरीत नाहीत आणि विक्री भरपूर होऊनही तोट्यात जातात.

संदेश कसा असावा

पदार्थाचे नाव, त्यातील घटक, वजन, किंमत, नोंदणीची मुदत आणि माल मिळण्याचा दिवस व ठिकाण एवढे संदेशात स्पष्ट असावे. छायाचित्र आपल्याच मालाचे, दिवसाच्या उजेडात काढलेले असावे. शेंगदाणे किंवा दूध असल्यास तसे अवश्य नमूद करावे. काहींना ते बाधतात. मधुमेह वा सांधेदुखी बरी होते, असा दावा कदापि करू नये. तसा दावा कायद्याविरुद्ध आहे.

ग्रुप चालविणाऱ्याची अनुमती प्रथम घ्यावी. विक्रीच्या संदेशासाठी वार ठरलेला असल्यास तो पाळावा. रोज तोच संदेश टाकल्याने विक्री न वाढता रहिवासी त्रासतात. मागणीचा तपशील ग्रुपवर न घेता स्वतंत्र संदेशाने घ्यावा व वहीत लिहून ठेवावा.

प्रत आणि कायदा

भाजलेले धान्य व तळलेला पदार्थ पूर्ण निवाल्यावरच पिशवीत भरावा. अन्यथा आत वाफ धरून बुरशी येते. कुरडया कडकडीत वाळवाव्यात. ओल्या चटण्या लवकर नासतात. म्हणून आरंभ कोरड्या पदार्थांपासून करावा.

माल घरी केलेला असला, तरी अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी आवश्यक आहे. नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक, घटक, निव्वळ वजन, किंमत, उत्पादनाची व वापराच्या मुदतीची तारीख, पत्ता आणि शाकाहारी मालावर हिरव्या चौकटीतील हिरवा ठिपका वेष्टनावर असावा.

पत राखणे

ओळखीच्या बाजारात स्तुती झपाट्याने पसरते, तशी तक्रारही पसरते. एका घरी खवट लाडू गेले, तर सायंकाळपर्यंत ती वार्ता साऱ्या इमारतीस कळते; आणि बचत गटाचा माल असल्यास एकीच्या चुकीने सर्वजणींची पत जाते. अशा वेळी वाद न घालता चूक मान्य करावी, माल बदलून द्यावा किंवा पैसे परत करावेत आणि तसे त्याच ग्रुपवर कळवावे. उशीर होणार असल्यास तेही आधीच सांगावे. बूंद से गयी सो हौद से नहीं आती, हे येथे विसरून चालणार नाही.

शेतकरी भगिनींनी व बंधूंनी प्रथम एकच पदार्थ, एकच ग्रुप आणि झेपेल तेवढीच मागणी घेऊन आरंभ करावा. पहिल्या दहा घरांनी दुसऱ्यांदा आपण होऊन माल मागविला, म्हणजे उद्योगाचा पाया पक्का झाला असे समजून मगच पुढचे पाऊल टाकावे.