राखावं कुणाला, सोडावं कुणाला?

पावसाळा उतरणीला लागला की आमच्या बीड जिल्ह्यातल्या वाड्या-वस्त्यांवर मुकादमांच्या फेऱ्या सुरू होतात. दिवाळीच्या सुमाराला टोळ्या ऊसतोडीसाठी कारखान्यांकडे निघायच्या असतात. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे 'एक कोयता' म्हणतात. कोणता कोयता पुन्हा टोळीत घ्यायचा, कुणाला किती उचल द्यायची, कुणाला या साली नको म्हणायचं, याचा हिशेब मुकादम मनाशी करत असतो. जोडपंही आपला हिशेब करत असतं, पण त्याला तेवढी मोकळीक नसते. मागची उचल फिटलेली नसेल तर पुन्हा त्याच मुकादमाकडे जावं लागतं.

आज मला बोलायचं आहे ते मात्र कबड्डीविषयी. ऊसतोडीपासून सुरुवात का केली, ते पुढे आपल्या लक्षात येईल.

१५ ऑगस्ट २०२४ची गोष्ट. आमच्या गल्लीतला एक पोरगा, बारावीत शिकणारा आणि कबड्डीपायी वेडा झालेला, मोबाईल हातात घेऊन धावतच माझ्या ओट्यावर आला. त्या दिवशी मुंबईत प्रो कबड्डी लीगचा लिलाव चालू होता.

"चाचा, पुण्यानं शादलूला सोडलं! हरियाणानं नेलं त्याला, दोन कोटी सात लाखाला!"

मी म्हणालो, "मग?"

"मग काय चाचा? ज्यानं कप जिंकून दिला त्याला कुणी सोडतं का? तुम्ही शिकलेले, तुम्हीच सांगा."

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. कोटींचा हिशेब माझ्या वाटेला कधी आला नाही. पण पोराचा प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर शोधता शोधता मला जे उमगलं, ते आपल्यापुढे ठेवतो.

आधी हकीकत. मोहम्मदरेझा शादलू हा इराणचा खेळाडू. पकडीत असा की चढाईला आलेला गडी त्याच्या हाती लागला तर सुटणं मुश्किल. २०२३च्या लिलावात पुणेरी पलटणने त्याला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. त्या दहाव्या हंगामात त्याने पकडीचे ९९ गुण मिळवले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला पुण्याने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा विजेतेपद पटकावलं. संघाचा कर्णधार होता अस्लम इनामदार, आमच्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. आणि पाच-सहा महिन्यांनी पुण्याने राखलेल्या खेळाडूंची यादी आली, तेव्हा तीत अस्लम होता, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे होते. शादलू नव्हता.

हे समजून घ्यायचं तर या लीगचा कायदा थोडा बघावा लागतो. संघाला खेळाडूंवर वाटेल तेवढा पैसा उधळता येत नाही. त्या वर्षी प्रत्येक संघाची थैली होती ५ कोटींची आणि तेवढ्यात किमान १८, जास्तीत जास्त २५ खेळाडू बसवायचे होते. लिलावाआधी संघ काही खेळाडू राखून ठेवू शकतो. त्यांत नावाजलेल्यांचा गट वेगळा, उमेदीच्या तरुणांचा वेगळा, अगदी नवख्यांचा वेगळा. ज्यांना राखलं नाही ते लिलावात जातात.

पण गेलेला खेळाडूही पुरता सुटलेला नसतो. लिलावात त्याच्यावर शेवटची बोली लागली की त्याच्या जुन्या संघाला विचारतात, 'एवढीच रक्कम द्यायला तयार आहात का?' संघ हो म्हणाला तर खेळाडू परत जुन्या घरी. या हक्काला 'फायनल बिड मॅच' म्हणतात. हा हक्क किती वेळा वापरायचा यालाही मर्यादा असते. २०१८मध्ये तेलुगू टायटन्सने राहुल चौधरीला असाच, १ कोटी २९ लाखांची बोली मान्य करून, परत घेतलं होतं. शादलूच्या वेळी पुण्याने बोलीची बरोबरी केली नाही.

ही रीत आपल्याच कबड्डीत आहे असं नाही. अमेरिका-कॅनडात बर्फावरच्या हॉकीची मोठी लीग चालते. तिथे तरुण खेळाडूचा करार संपला तरी तो अर्धाच मोकळा असतो. जुन्या संघाने ठरलेल्या मुदतीत त्याला नियमाप्रमाणे नव्या कराराचा प्रस्ताव दिला, की त्याच्यावरचा हक्क शाबूत राहतो. दुसऱ्या संघाने त्याला जास्त पैसे देऊ केले, तर जुन्या संघाला विचार करायला ७ दिवस मिळतात. तेवढे पैसे द्या आणि ठेवा, नाहीतर नुकसानभरपाई म्हणून पुढच्या वर्षीच्या नवख्यांमधून निवड करण्याचा हक्क घ्या आणि सोडा. योगायोग असा, की त्याच ऑगस्ट २०२४मध्ये सेंट लुईस संघाने एडमंटन संघाच्या दोन तरुणांपुढे असे प्रस्ताव ठेवले. एडमंटन नुकताच अंतिम फेरीपर्यंत पोहोचलेला संघ. त्याची थैली बड्या खेळाडूंवर जवळपास रिकामी झालेली. त्याने दोघांनाही जाऊ दिलं. त्यांतल्या डिलन होलोवेने पुढच्याच हंगामात नव्या संघासाठी २६ गोल केले. तिथल्या पोरांनीही आपापल्या चाचांना हाच प्रश्न विचारला असेल!

आता पुण्याच्या हिशेबाकडे येऊ. राखायचं कुणाला हे ठरवताना चार प्रश्न विचारावे लागतात असं मला दिसलं.

पहिला प्रश्न किमतीचा. २ कोटी ३५ लाख म्हणजे ५ कोटींतले ४७ टक्के. एका माणसावर जवळजवळ निम्मी थैली. कबड्डीत मैदानावर सात जण असतात आणि साखळी तुटते ती तिच्या सर्वांत कच्च्या कडीपाशी. एकावर निम्मे पैसे घालवले तर उरलेल्या निम्म्यात सतरा जण बसवायचे.

दुसरा प्रश्न, याच्या जागी दुसरा कितीत मिळेल? आपण विचारतो, खेळाडू किती चांगला आहे. संघ चालवणाऱ्याने विचारायचं असतं, याच्यापेक्षा थोडा कमी पण पुष्कळ स्वस्त असा कुणी आहे का. घरातली बाईमाणसं हा हिशेब रोज बाजारात करतात.

तिसरा प्रश्न वयाचा आणि चढ-उताराचा. अस्लम इनामदार आठव्या हंगामात पुण्याकडे आला तेव्हा नवखा होता. दहाव्या हंगामात तो साऱ्या लीगमधला सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. आपल्या मळ्यात वाढलेलं झाड स्वस्त पडतं आणि फळही जास्त वर्षं देतं. मागच्या साली फळ किती आलं, एवढंच पाहून राखणारा बहुधा फसतो. कोल्हापूर जिल्ह्यातला सिद्धार्थ देसाई २०१८मध्ये यू मुंबाकडे ३६ लाख ४० हजारांना आला आणि त्याने दोनशेहून अधिक गुण लुटले. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. पोरगा तिथेही दोनशेच्या वर गुण घेऊन खेळला, पण संघ तळाजवळच राहिला. एकट्याच्या चढाईने गाडी ओढली जात नाही.

चौथा प्रश्न सांगडीचा. कोपऱ्यावरचा गडी आणि त्याच्या शेजारचा गडी वर्षानुवर्षं एकत्र खेळले की डोळ्यांच्या खुणेवर पकड बसते. हा मेळ लिलावात विकत मिळत नाही.

या चार प्रश्नांवर पाहिलं तर पुण्याने एक महागडा मोहरा सोडून तरुणांची सगळी फळी राखली. हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. आणि निकाल? अकराव्या हंगामात अस्लम दुखापतीने बाहेर बसला आणि पुणे बाद फेरीतही पोहोचलं नाही. शादलूच्या हरियाणाने मात्र २९ डिसेंबर २०२४ रोजी विजेतेपद मिळवलं, तेही पुण्यातच, बालेवाडीला. पोरगा मला म्हणाला, "बघा चाचा, मी सांगत नव्हतो?"

पण गोष्ट तिथे संपत नाही. विजेत्या हरियाणानेही पुढच्या वर्षी शादलूला जाऊ दिलं. २०२५च्या लिलावात गुजरातने त्याला २ कोटी २३ लाखांना घेतलं आणि गुजरात पहिल्या आठांत आला नाही. पुण्याची तीच तरुण फळी अंतिम फेरीत गेली आणि दिल्लीकडून ३१-२८ अशी अवघ्या तीन गुणांनी हरली. मग पुण्याचा निर्णय बरोबर की चूक? कुणबी वेळेवर पेरतो, बियाणं पारखून घेतो, आणि पाऊस दगा देतो. म्हणून त्याची पेरणी चुकली असं आपण म्हणत नाही. एका हंगामाच्या निकालावर निर्णयाचं माप काढू नये.

इथपर्यंत हिशेब झाला. पण राखणारा जसा असतो, तसा राखला जाणाराही असतो. खेळाडूला जुन्या संघाने परत ओढलं तर 'मला यायचं नाही' असं म्हणायची सोय त्या क्षणी फारशी नसते. शादलूसारख्याला त्या बंधनाचे कोटी मिळतात. बोली सगळ्यांसमोर लागते, आकडा जगाला कळतो. आमच्या कोयत्यावरही मुकादमाचा हक्क असतो, पण त्याची बोली कुणाला ऐकू येत नाही. दोन्हींत फार मोठं अंतर आहे, हे मला ठाऊक आहे. तरी ज्याच्या हाती राखण्याचा हक्क, त्याच्यावर एक जबाबदारीही येते, एवढं दोन्हीकडे सारखंच. ती जबाबदारी मला कुठे कळली, ते सांगतो.

१९९४-९५ साल असेल. आमच्या गावच्या मंडळाचा कबड्डी संघ होता. मला लिहिता येतं म्हणून यादी करायचं काम माझ्याकडे. स्पर्धेला बारा नावं द्यायची आणि गडी होते तेरा. आमचा डावा कोपरा सांभाळणारा भाऊ पस्तिशीला आलेला, गुडघा धरत होता. एक सोळा वर्षांचं पोर भलतंच चपळ निघालं होतं. आम्ही तिघा-चौघांनी बसून ठरवलं आणि मी भाऊंचं नाव काढलं. निर्णय बरोबर होता, आजही मी तसाच घेईन. पण त्यांना सांगायला कुणी गेलं नाही. मी त्यांच्या घरावरून दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा मान खाली घातली.

सामन्याच्या दिवशी भाऊ गुडघ्याला पट्टी बांधून आले. वहिनींनी सगळ्या संघाच्या भाकरी बांधून दिल्या होत्या. संयोजकांच्या टेबलावरची यादी त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचली, परत एकदा वाचली, आणि पट्टी सोडून खिशात ठेवली. दिवसभर त्यांनी पोरांना पाणी दिलं. परतताना टेम्पोत माझ्याशेजारी बसून म्हणाले, "शायर, नाव काढलं त्याचं काही नाही. काल सांगितलं असतंस, तर मी कारभारणीला एवढ्या भाकरी करायला लावल्या नसत्या."

बस, एवढंच बोलले. मी आजवर ते विसरलो नाही.

मुकादमांनाही माझं तेच सांगणं असतं. एखादा कोयता घ्यायचा नसेल तर वेळेत सांगा. त्याला दुसरी टोळी तरी शोधता येईल. दिवाळीच्या तोंडावर, दुसऱ्या टोळ्या भरून गेल्यावर नाही म्हटलं, तर त्या जोडप्याचा अख्खा हंगाम बुडतो.

गल्लीतला तो पोरगा आता कॉलेजात आहे. यंदा त्याला संघाचा कर्णधार केलं. परवा रात्री तो वही घेऊन आला. चौदा पोरं, जागा बारा. मी त्याला वर सांगितलेले चार प्रश्न सांगितले. त्याने तासभर खाडाखोड करून बारा नावं पक्की केली आणि उठला.

मी म्हणालो, "पाचवं राहिलं. ज्या दोघांना सोडलंस त्यांना कधी सांगणार?"

त्याने जरा वेळ वहीकडे पाहिलं. म्हणाला, "आत्ताच जातो, चाचा." रात्रीचे साडेनऊ झाले होते. सायकल काढून तो गेला.