फूल लागतं, फळ का धरत नाही?

धाराशिवकडं एप्रिलात टोमॅटो फुलतो, पण फळ धरत नाही. पाण्याचा ताण असतोच. पण दिवसा पारा ३५ अंशांवर आणि रात्रीही गारवा नसेल, तर परागकण नीट तयारच होत नाहीत. हा बिघाड फूल उमलण्याच्या आठ-दहा दिवस आधीच झालेला असतो. मग गळ दिसल्यावर फवारून काय उपयोग?

याचा शोध म्हणजे भाजीपाला पिकांचं शरीरक्रियाशास्त्र. मराठवाड्यात त्यासाठी १९७२ पासून परभणीचं कृषी विद्यापीठ आहे. प्राध्यापकी हवी तर पीएच.डी.सोबत बरेच जण कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाची ‘नेट’ही देतात. पुढं जाहिरातीची वाट बघायची, आणि ती लांबते, खरं सांगतो. तोवर सूक्ष्मदर्शकाखाली परागकण मोजायचे: रंग धरला ते बहुधा जिवंत, फिके ते मेलेले.