कॉम्प्युटर तापतोय? नवा फॅन घेण्याआधी वाऱ्याला वाट द्या



दर महिन्याला जीएसटी रिटर्न भरणाऱ्यांची जीएसटीआर-३बीची शेवटची तारीख २०. आता समजा, १९ तारखेला दुपारी तुमच्या गाळ्यातला डेस्कटॉप अचानक बंद पडला. पुन्हा चालू केला, दहा मिनिटांत पुन्हा बंद. रिटर्न चुकलं तर रोज ५० रुपये लेट फी, वर थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. चालू एंट्री अर्धवट राहून अकाउंटिंगचा डेटा बिघडला, तर ते दुखणं वेगळंच.

अशा वेळी कोणीतरी हमखास सांगतो, "मशीन जुनं झालं, नवीन घ्या." जरा थांबा. मशीन फक्त तापलेलं असू शकतं, आणि त्यावरचा उपाय काही शे रुपयांत होतो.

फॅन थंड करत नाही

हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं आहे. सीलिंग फॅन खोली थंड करत नाही, फक्त हवा हलवतो. कॅबिनेटचा फॅनही तेच करतो: आतली गरम हवा बाहेर, खोलीतली हवा आत. म्हणजे आतले पार्ट खोलीपेक्षा थंड कधीच होणार नाहीत.

म्हणून परदेशी व्हिडिओतले आकडे बघून घाबरू नका. त्यांची खोली २१ अंशांची असेल आणि प्रोसेसर ६० दाखवत असेल. कांदिवलीत मे महिन्यात किंवा ऑक्टोबर हीटमध्ये बिनएसीच्या गाळ्यात ३४ अंश सहज असतात. तेच मशीन, तेच काम, पण आकडा साधारण ७३ येणार. यात बिघाड काही नाही.

आधी मोजा

एचडब्ल्यूमॉनिटर हे मोफत सॉफ्टवेअर टाका आणि नेहमीचं काम करताना प्रोसेसरचं तापमान बघा. बिलिंग, ईमेल, एक्सेल अशा कामाला ४५ ते ६५ ठीक. जड कामात ८० पर्यंत गेलं तरी काळजी नको. सतत ९० च्या वर राहत असेल तर लक्ष द्या. बहुतेक प्रोसेसर ९० ते १०० च्या दरम्यान स्वतःला वाचवायला वेग कमी करतात. तुम्हाला वाटतं मशीन हँग होतंय, प्रत्यक्षात ते दम खात असतं. तरीही ताप वाढला की थेट बंद.

फुकटची टेस्ट

कॅबिनेटचं साइड पॅनल काढा, अर्धा तास तेच काम करा, पुन्हा आकडा बघा.

• तापमान बरंच उतरलं, तर कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाहीये. फॅनचा उपयोग होईल.
• फरकच पडला नाही, तर दोष प्रोसेसरच्या कूलरमध्ये आहे. धूळ साचली असेल किंवा थर्मल पेस्ट वाळली असेल. इथे कॅबिनेटला चार फॅन लावले तरी पैसे वाया.

टेस्ट झाली की पॅनल परत लावा. उघडं ठेवलं की धूळ, झुरळं आणि पाल, तिघांनाही आमंत्रण.

वाट कशी द्यायची?

तुमचा गाळाच आठवा. पुढचं शटर उघडं, पण मागची खिडकी बंद, तर वारा आत येतो का? नाही येत. मागची खिडकी उघडली की मग आरपार वारा. कॅबिनेटचंही तसंच: पुढून हवा आत, मागून बाहेर.

• सुरुवातीला दोन फॅन पुरतात, एक पुढे, एक मागे. तिसरा घ्यायचाच असेल तर तोही पुढे लावा. आत येणारी हवा थोडी जास्त असली की फटींतून धूळ कमी शिरते. पुढे जाळीचा फिल्टर मात्र हवाच.
• फॅनची दिशा तपासा. ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या पट्ट्या असतात, त्या बाजूने साधारणपणे हवा बाहेर पडते. फ्रेमवर बाण असेल तर प्रश्नच मिटला.
• साइझ मोजूनच दुकानात जा. १२० मिलिमीटर सर्रास चालतो, पण जुन्या कॅबिनेटमध्ये ८० किंवा ९२ ची जागा असते.
• मदरबोर्डवर फॅनची मोकळी पिन आहे का, तेही बघा. तीन पिनचा फॅन चार पिनांवरही बसतो.

जवळच्या दुकानात साइझ नाही मिळाली, तर चर्चगेटची स्लो लोकल पकडून ग्रँट रोडला उतरा. लॅमिंग्टन रोडवर मिळून जाईल.

खर्चाआधीची कामं

टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलेला कॅबिनेट बाहेर काढा. त्यात तो स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो. मागची बाजू भिंतीपासून किमान सहा इंच लांब ठेवा. जमिनीवरून स्टँडवर घ्या. पावसाळ्यात गाळ्यात पाणी शिरलं तरी थोडा बचाव होतो.

आणि धूळ! चारकोप असो वा ठाकूर व्हिलेज, आजूबाजूला एखादं बांधकाम चालूच असतं. दमट हवेत ही धूळ चिकटून कूलरच्या पट्ट्यांमध्ये थर बसतो. दर तीन महिन्यांनी मशीन बंद करा, प्लग काढा, कॅबिनेट गॅलरीत नेऊन ब्लोअर मारा. मारताना फॅनची पाती बोटाने धरा, नाहीतर गरगर फिरून बेअरिंग खराब होतं. ओलं फडकं नको. पॉवर सप्लायचा डबा तर उघडूच नका, प्लग काढल्यावरही त्यात करंट साठलेला असतो.

या रविवारचा होमवर्क

आजचं तापमान एका कागदावर लिहून कॅबिनेटला चिकटवा, शेजारी तारीख टाका. मग साफसफाई आणि पॅनलची टेस्ट करा. नवा आकडा खाली लिहा. फॅन घ्यायचा की नाही, ते हे दोन आकडेच सांगतील. आणि मशीन उघडण्याआधी डेटाचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या. फॅन पुन्हा विकत मिळतो, वर्षभराची खातेवही नाही मिळत.

तुमचे आकडे व्हिडिओखाली कमेंटमध्ये टाका. भेटूया पुढच्या भागात!