आठच्या आकड्याचे वेटोळे

पुणे-सातारा रस्त्यावरच्या कामथडीसारख्या गावी एखादे मूल चौथे वर्ष लागले तरी बोलत नाही, चालताना त्याचा तोल जातो, अंग ढिले राहते, तेव्हा ‘बोलेल हो, घाई कशाला?’ असे म्हणून घरची वडीलधारी मंडळी आईला धीर देतात, आणि पुष्कळदा त्यांचे म्हणणे खरेही ठरते. परंतु क्वचित एखाद्या मुलात या साऱ्या लक्षणांचे मूळ एका विकराच्या अभावात असते. मेंदूतील चेतापेशींना आवर घालणाऱ्या गाबा या द्रव्याची, काम आटोपल्यावर, विल्हेवाट लावावी लागते. त्या कामी लागणारे सक्सिनिक सेमिअल्डिहाइड डिहायड्रोजनेज हे विकर जन्मतः निकामी असले, की गाबा साचत जाते आणि त्यापासून उपजणारे गॅमा-हायड्रॉक्सिब्युटिरिक आम्ल लघवीत उतरते. या व्याधीचे पहिले वर्णन १९८१ साली झाले. सदोष जनुक आई व वडील या दोघांकडूनही यावे लागते. म्हणून मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल ज्या घराण्यांत आहे, तेथे असा योग जुळून येण्याचा संभव वाढतो.

आवर घालणारे द्रव्य एवढे मुबलक असल्यावर मेंदू शांत असावा, ही अपेक्षा स्वाभाविक होय. प्रत्यक्षात सुमारे निम्म्या रुग्णांना फिट्स येतात. लघवीच्या तपासणीने व्याधीचा दाखला मिळतो, पण त्या द्रव्याचा अंमल मेंदूवर कितपत चालतो, याची जबानी तिच्यात नसते. ती मिळवून देणारे यंत्र इंग्लंडातील शेफील्ड येथे अँथनी बार्कर व त्यांचे सहकारी यांनी १९८५ साली सिद्ध केले. बदलत्या चुंबकक्षेत्रातून विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, हे फॅरेडेने १८३१ मध्ये दाखविलेले तत्त्वच येथे कामी आले आहे.

आठच्या आकड्यासारखे तारेचे वेटोळे डोक्यावर, हाताच्या हालचालींचे नियमन करणाऱ्या भागावर धरतात. खटकन् आवाज होतो, म्हणून मुलाच्या कानांत बोळे घातलेले असतात. आणि कवटीला कोठेही धक्का न लावता आत उमटलेल्या प्रवाहाने अंगठा आपोआप उडतो. स्नायूवर चिकटविलेल्या पट्ट्या त्या उसळीची नोंद घेतात. दहा खेपांपैकी निदान पाच खेपांना पन्नास मायक्रोव्होल्टची उसळी मिळण्यास लागणारी किमान शक्ती हा उंबरठा. तो जितका खाली, तितका मेंदू उत्तेजनशील. मुलाने मूठ आवळून धरली असता ठोका दिला, तर स्नायू क्षणभर मुका होतो. आणि सुमारे दशांश सेकंदाच्या अंतराने दोन ठोके दिले, तर पहिला दुसऱ्याला दाबतो. हा मुकेपणा आणि हे दबणे, दोन्ही मुख्यतः चेतापेशींवरील, गाबाचा हुकूम झेलणाऱ्या ‘बी’ ग्राहकांची करणी मानली जाते.

२०१२ साली अमेरिकेतील संशोधकांनी या व्याधीच्या रुग्णांवर हे मापन करून प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्यात दुसरा ठोका दबत नाही आणि मुकेपणाही निरोगी माणसांपेक्षा अल्पकाळ टिकतो, असे आढळले. याचा उलगडा असा केला जातो, की द्रव्याच्या अखंड भडिमाराने ग्राहकांची संवेदनाच मंदावते. रोजच निघणाऱ्या हुकुमाला रयतेने जुमानू नये, तसाच हा प्रकार. पुढे या व्याधीवर अजमावलेल्या एसजीएस-७४२ या औषधाच्या परीक्षेतही हेच मापन योजण्यात आले, आणि औषधाचा गुण दिसला नाही. नुसत्या आशेवर भिस्त न ठेवता असा नकार स्पष्ट देता येणे, हीदेखील या यंत्राची कामगिरीच.

तथापि लहान मुलांच्या मेंदूचा उंबरठा मुळातच उंच असतो, त्यांना स्थिर बसविणे दुष्कर असते, आणि डोक्यात धातूचे उपकरण बसविलेले असेल तर हे मापन वर्ज्यच ठरते. शिवाय ते इलाजाचे मोजमाप होय, इलाज नव्हे. इलाजाची वाट निदानातून जाते. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ व्याधी धोरणात मुंबईचे केईएम रुग्णालय अशा व्याधींसाठी उत्कृष्टता केंद्र म्हणून मुक्रर झाले आहे. बोलणे लांबलेल्या, अंगाने ढिल्या मुलाच्या आईबापांनी म्हणूनच आपल्या डॉक्टरांना लघवीतील सेंद्रिय आम्लांच्या तपासणीविषयी आवर्जून विचारावे. फिट्सवर सर्रास दिले जाणारे व्हॅल्प्रोएट या व्याधीत शक्यतो टाळावे लागते, एवढ्या एका कारणासाठीही निदान वेळेवर झालेले बरे.