तीन बोटं आत जातायत का?

एक काम करा. हात धुऊन या, तीन बोटं चिकटवून उभी धरा, म्हणजे तर्जनी, मधलं आणि अनामिका, आणि पुढच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये घालून बघा. बसमध्ये असाल तर घरी गेल्यावर करा, लोक बघतील. तिन्ही गेली? छान.

माझ्या एका मित्राची दोनच गेली. नारायण पेठेत, पत्र्या मारुतीजवळ आम्ही पाणीपुरी खात उभे होतो, आणि हा पठ्ठ्या पुरीचे तुकडे करून खात होता. त्याआधी वर्षभर मिसळ खाताना "तोंड फार जळतंय रे" म्हणायचा. आम्ही म्हणायचो, तुला तिखट झेपत नाही. चुकलंच आमचं, ती पहिली खूण होती.

आता कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून 'आ' करा. जबड्याचा सांधा तिथे हलतो. खालचा जबडा आधी जागच्या जागी फिरतो, मग थोडा पुढे सरकतो. पण नुसता सांधा मोकळा असून भागत नाही, गालाच्या आतलं मऊ अस्तरही ताणलं जावं लागतं.

सुपारी घाव घालते ती याच अस्तरावर. तिच्यातल्या अ‍ॅरेकोलिनमुळे अस्तराखालच्या पेशी कोलॅजनचे धागे जास्त बनवतात, आणि जुने धागे मोडायचं काम मंदावतं. धागे साचत जातात. गाल आतून पांढुरका, कडक होतो, बोट फिरवलं तर दोरीसारखे पट्टे लागतात. डॉक्टर याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. कडक झालेलं अस्तर पुन्हा पहिल्यासारखं होत नाही, आणि काही जणांना पुढे तिथेच कॅन्सर होतो.

"मी तंबाखू कुठे खातो? नुसती सुपारी तर खातो!" हे त्याचं ठरलेलं वाक्य. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात नुसत्या सुपारीलाही कॅन्सरकारक म्हटलंय. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. टपरीवर काय मिळतं ते मी सांगायला नको.

तिसरं बोट अडलं म्हणजे हेच झालंय असं नाही. अक्कलदाढ सुजली, सांधा दुखावला तरी तोंड कमी उघडतं. पण सुपारी खात असाल आणि तिखट झोंबत असेल, तर याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरकडे जा. मित्राने सुपारी सोडली, आता रोज तोंड उघडायचे व्यायाम करतो. पाणीपुरी अजून तुकडे करूनच खातो.