पावसाळ्यातल्या दिवसाचं माप

परसातल्या कोंबड्या : लेखांक 6

गेल्या आठवड्यात खुराड्यातल्या दांडीपाशी आणि अंड्यांच्या खोक्यापाशी थांबलो होतो. खुराडं रात्रीचं. आज दिवसाच्या जागेचं बोलू. म्हणजे खुराड्याला लागून केलेलं, चारी बाजूंनी आणि वरून बंद असलेलं, माणसाला उभ्यानं आत जाता येईल असं जाळीचं आवार. आमच्या घरात त्याला नुसतं ‘जाळी’ म्हणतात. "कोंबड्या जाळीत घाल" म्हटलं की झालं.

पहिली जाळी बांधत होतो तेव्हा आत्या पडवीत बसून बघत होती. "कोंबडीला कसला रे पिंजरा? आम्ही डालग्याखाली झाकायचो रात्री आणि उजाडलं की सोडायचो." तिचं चुकत नव्हतं. पण तेव्हा घरात दिवसभर कुणी ना कुणी असायचं, घारीची सावली अंगणात पडली तरी आरडाओरडा व्हायचा. आता नऊ ते सहा दाराला कुलूप. शिवाय शेजारच्या काकूंचा लाल माठाचा वाफा आमच्या कोंबड्यांनी दोनदा उकरला, त्यानंतर काकू आमच्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात.

ती पहिली जाळी चार बाय सहाची, साडेतीन फूट उंच. वेल्डिंगवाल्यानं हिशेब सांगितला होता, कोंबडीमागे दोन फूट म्हणजे आठ कोंबड्यांना सोळा, आपण चोवीस करतोय. हा दोन फुटांचा आकडा कुठून येतो ते सांगतो. पोल्ट्रीत गादी पद्धतीनं अंड्यांच्या कोंबड्या पाळतात तेव्हा पक्ष्यामागे साधारण दीड-दोन चौरस फूट धरतात. तिथं खाद्य मोजून, लसीकरण ठरल्या तारखेला, पक्षी एका वयाचे, आणि अंडी कमी झाली की लॉट विकायचा. परसात यातलं काहीच नसतं. दोन वर्षांची खाष्ट कोंबडी आणि चार महिन्यांची तलंग एकाच टोपल्यातलं खातात. म्हणून परसातल्या जाळीत पक्ष्यामागे निदान आठ, आणि जमलं तर दहा चौरस फूट धरावेत. खुराड्याची जागा त्यात मोजायची नाही.

तरीही हिवाळ्यात आमचं चोवीस फुटांत भागलं. संध्याकाळी तास-दोन तास कोंबड्या मोकळ्या सुटायच्या, त्यांचा जीव रमायचा. जुलै लागला आणि जाळी उघडी पडली. कोकणात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. सलग आठ दिवस दार उघडूनही कोंबडी बाहेर पाऊल टाकत नाही. एक कोंबडी दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास विष्ठा टाकते. आठ कोंबड्या आणि एक कोंबडा, म्हणजे चार महिन्यांत शंभर किलोच्या वर, तीही ओली. चोवीस फुटांत त्याचं काय होणार? अमोनियाचा वास सुटला. आपण उभे असतो तेव्हा तो जाणवतही नाही. कोंबडीच्या उंचीला उकिडवं बसलं की डोळ्यांना झोंबतो. ओल्या गादीत रक्ती हगवणीचे जंतू जोमानं वाढतात. त्या पावसाळ्यात दोन तलंगा गेल्या. तेव्हापासून मी जाळीचं माप जुलैतल्या दिवसासाठी काढतो, डिसेंबरातल्या नाही.

दुसरं माप कोंबड्यांच्या स्वभावाचं. नॉर्वेच्या थॉरलीफ शेल्डेरप-एबेनं 1920 च्या दशकात कोंबड्यांमधली टोचण्याची उतरंड मांडली: कोण कुणाला टोचते आणि कोण निमूट सोसते, हे कळपात ठरलेलं असतं. ज्यांच्या घरात कोंबड्या आहेत त्यांना हे नॉर्वेहून कळायची गरज नव्हती, पण जागेशी असलेला त्याचा संबंध आपण विसरतो. मोकळ्या परसात खालच्या कोंबडीला पळून केळीच्या आड जाता येतं. जाळीत ती कोपऱ्यात अडकते. मग पाठीची पिसं जातात, कातडी लाल दिसते, आणि रक्त दिसलं की बाकीच्याही टोचायला येतात. म्हणून चौरस फूट मोजून झाले की आत आडोसेही मोजा. एक फळी तिरपी टेकवलेली, एक डालगं उपडं घातलेलं, एक दांडी दोन फुटांवर, खाद्याची भांडी दोन आणि एकमेकांपासून लांब. रिकाम्या दीडशे फुटांपेक्षा अशी भरलेली शंभर फुटांची जाळी मला बरी वाटते.

जातीचाही फरक पडतो, आणि तो वाटतो त्याच्या उलट असतो. बंगळूरची गिरिराजा किंवा हैदराबादची वनराजा अंगानं भारी, पण खाऊनपिऊन बसून राहते. गावठी कोंबडी दीड किलोची, तिला मात्र हुंदडायला जागा लागते. आकार लहान म्हणून गावठीची जागा कापू नका.

आता खर्च, कारण बहुतेकांची जाळी तिथंच आखडते. पाइप वीस फुटी येतो. त्याचे साडेसहा-साडेसहा फुटांचे तीन खांब निघतात, किंवा आठ आणि बारा असे दोन तुकडे. म्हणूनच वेल्डिंगवाला हटकून "आठ बाय बारा करू" म्हणतो; तुकडा वाया जात नाही. आठ बाय बाराची जागा 96 चौरस फूट, चारी बाजूंची लांबी 40 फूट. दहा बाय बारा केलं तर जागा 120 आणि लांबी 44. म्हणजे चार फूट जाळी जास्त लावून चोवीस चौरस फूट पदरात पडतात; माझी सुरुवातीची अख्खी जाळी एवढीच होती. पत्रा तेवढा वाढतो, ते खरं. पण उद्या वाढवू म्हणून आज लहान बांधलेलं नंतर तोडून वाढवणं फार महाग पडतं. आणि वाढवावं लागतंच. एक कोंबडी खुडूक बसते, घरातलं कुणीतरी हळूच बारा अंडी तिच्याखाली सरकवतं, एकविसाव्या दिवशी तुमचा सगळा हिशेब चुकतो.

दहा बाय बारात मी चार फुटांवर आडवी जाळी घालून मध्ये लहान दार ठेवलं आहे. चाळीस फुटांचा हा कप्पा एरवी उघडा असतो. पिल्लांची आई, आजारी पक्षी किंवा नव्यानं आणलेल्या तलंगा तिथं राहतात. आजारी असेल तर मधल्या जाळीला गोणपाट लावतो. नव्या पक्ष्यांना दोन आठवडे जुन्यांनी नुसतं बघावं, टोचता येऊ नये.

उंचीच्या बाबतीत कोंबडीचा नाही, स्वतःच्या कमरेचा विचार करा. साडेतीन फुटांच्या जाळीत मी रांगत शिरायचो, म्हणून साफसफाई उद्यावर जायची. कमी बाजूला साडेसहा फूट, जास्त बाजूला आठ. उतार आपोआप मिळतो. पत्रा भिंतीच्या बाहेर दीड-दोन फूट काढा. पश्चिमेकडून झड आत येते, तिथं मे अखेरीला झावळ्यांचे झाप बांधतो. प्लास्टिकचा कागद लावला की हवाच बंद होते आणि आतली ओल आतच राहते.

खालच्या बाजूला जांभ्या चिऱ्याचा एक थर. त्यानं बाहेरचं पाणी अडतं आणि आतली गादी बाहेर येत नाही. दारालाही एक चिरा उंच उंबरठा हवा. दार आत उघडणारं असावं, नाहीतर कोंबड्या तुमच्या पायातून निसटतात. आणि उंबरठा नसला तर गादीचं भाताचं तूस साचत जाऊन ते दार ऑगस्टमध्ये उघडतच नाही. रुंदी एवढी, की भरलेलं घमेलं कमरेवर घेऊन आडवं व्हावं लागू नये. अडीच फूट पुरतात.

षटकोनी स्वस्त जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. खालचे चार फूट अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावा, वर एक इंचाची चालेल. बाहेरच्या अंगाला दीड फूट रुंद पट्टी जमिनीवर आडवी अंथरून तिच्यावर माती आणि दगड घाला. मुंगूस काय, कुत्रं काय, भिंतीच्या अगदी बुडाशी उकरतं. पंजा जाळीला लागतो. मागे सरकून दीड फुटांवरून खणावं, हे त्याला सहसा सुचत नाही.

यंदाच्या पहिल्या पावसात मी जाळीत उभा होतो. आठ कोंबड्या, पाच तलंगा आणि एक कोंबडा. पक्ष्यामागे दहा फुटांच्या हिशेबानं दोन जास्तच. आत्या पडवीतून ओरडली, "तू कशाला भिजतोस तिथं?" मी भिजत नव्हतो.